मेंटल हेल्थ म्युझियमची दुपार: ठाणे-नवी मुंबईत पहिल्यांदा जमवणाऱ्यांसाठी

ठाण्यात राहतो म्हटलं की बाहेरगावचा कुणीतरी नातेवाईक तो एक जोक हमखास मारतोच, कुठला ते ठाणेकरांना सांगायला नको. मुलुंड आणि ठाण्याच्या मधे लोकलमधून जाताना ज्या आवाराबद्दल तो जोक असतो ते प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून तिथे आहे, जुने लोक त्याला अजून एन. एम. मेंटल हॉस्पिटल म्हणतात, साधारण १,८५० खाटांचं, राज्यातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. पण इतकी वर्षं आत उपचार कसे होत होते, ते कसे बदलले, कशाने बदलले, हे आपल्यातल्या फार कमी जणांना माहीत असतं. घरात कुणी आजारी पडलं की मग एकदम सगळं कळायला लागतं आणि तेव्हा शांतपणे समजून घ्यायची मनःस्थिती नसते.

म्हणून ही दुपार. जगात मानसिक आरोग्याची खास म्युझियम्स आहेत, लंडनमध्ये बेथलेम म्युझियम ऑफ द माइंड, बेल्जियममध्ये गेंटला डॉ. गिस्लेन म्युझियम जे १८५७ च्या जुन्या अ‍ॅसायलमच्याच इमारतीत आहे, अमेरिकेत ऑरेगनमधल्या सेलमला चालू सरकारी मेंटल हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतलं, आणि आपल्याकडे बंगळुरूला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या कॅम्पसमध्ये. शनिवारी जेवून निघून तिथे जाता येत नाही, तर ते म्युझियम आपणच हॉलच्या भिंतीवर लावायचं, पंधरा-वीस प्रिंट, घरच्या वस्तूंचं एक टेबल, चहा, गप्पा, आणि संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी. लेक्चर नाही, वर्कशॉप नाही, भेटायचं आणि बघायचं. खाली लिहिलंय ते जमवणाऱ्यांसाठी आहे आणि पहिल्यांदा येणाऱ्यांनीही वाचलं तर बरं.

सगळ्यात आधी: हॉस्पिटल बघायला जायचं नाही

ठाण्यात आहोत तर हॉस्पिटलच बघून येऊ, परवानगी काढू, असं कुणीतरी सुचवतंच. हेतू चांगला असतो, पण नको. तिथे लोक उपचार घेतात, राहतात, ती त्यांची जागा आहे. लंडनच्या बेथलेम हॉस्पिटलची गोष्ट यासाठीच सांगायची. १२४७ साली एका मठापासून सुरू झालेली ही संस्था पुढे 'बेडलम' म्हणून कुप्रसिद्ध झाली, कारण सतराव्या-अठराव्या शतकात तिथे लोक चक्क पेशंट बघायला यायचे, सुट्टीच्या दिवशी, घरच्यांना घेऊन, दारातल्या पेटीत नाणं टाकून. ही ये-जा १७७० मध्ये पास सिस्टम आणून आवरली गेली. तेच बेथलेम आज दक्षिण लंडनच्या बेकनहॅमला चालू हॉस्पिटल आहे आणि त्याच आवारात म्युझियम आहे, फरक इतकाच की तिथे आता वस्तू बघतात, माणसं नाही. अख्ख्या दुपारचा नियम हाच आणि बाकीच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात: वस्तू बघायच्या, माणसं नाही, आणि माणसाची गोष्ट त्या माणसाला सांगावीशी वाटली तर त्याच्याच तोंडून ऐकायची.

कुणाला बोलवायचं

बारा ते पंधरा जण पुरेत, वीसच्या वर गेलात की कोपऱ्याकोपऱ्यात वेगळ्या गप्पा सुरू होतात आणि शांत माणूस एकटा पडतो. शुभार्थी म्हणजे ज्यांनी आजार स्वतः अनुभवलाय, शुभंकर म्हणजे त्यांची काळजी घेणारे घरचे, हे शब्द आपल्याकडच्या सपोर्ट ग्रुप्समध्ये रुळलेले आहेत, दोघेही हवेत. त्यांच्या जोडीला सायकॉलॉजीचे स्टुडंट, रिटायर्ड मंडळी, शेजारच्या काकू ज्यांना नुसती उत्सुकता आहे, सगळे चालतात. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काम करतेय त्यामुळे या शहरात या विषयावर मोकळेपणाने बोलणारे लोक मिळतात, हे आपलं भाग्यच.

मात्र ठरवायला बसाल तेव्हा पहिल्या दिवसापासून दोन तरी शुभार्थी त्यात असू द्या. शेवटी विचारायला नाही, सुरुवातीपासून. कुठला फोटो लावायचा आणि कुठला काढून टाकायचा यावर त्यांचा शब्द शेवटचा. 'हा फोटो मला नको' असं एकाने म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही, काढायचा.

दिवस, वेळ, जागा

शनिवार घ्या, तीन ते सहा. रविवार सगळ्यांना मोकळा वाटतो पण ट्रान्स-हार्बरवर रविवारी मेगाब्लॉक असला की साधारण अकरा ते चार गाड्या बंद, म्हणजे नेरूळ, वाशी, कोपरखैरणेवाले नेमके आपल्याच वेळेला अडकणार. सकाळी का नाही, तर बऱ्याच जणांची गोळ्यांची मोठी मात्रा रात्रीची असते, अकरा-बारापर्यंत डोकं जड असतं, आणि 'उशीर झाला' म्हणून कुणाला कानकोंडं वाटायला नको. सहाच्या पुढे खेचू नका, गर्दीच्या गाडीत घुसमटणाऱ्यांना घरी जायला सोपं पडलं पाहिजे. पनवेल-नेरूळकडून येणाऱ्यांना प्लॅटफॉर्म नऊ-दहावर उतरून वेस्टला कुठल्या ब्रिजने यायचं ते आदल्या दिवशी लिहून पाठवा, आणि एक जण स्टेशनबाहेर उभा राहील असं बघा. नवीन माणसासाठी सगळ्यात अवघड काम हॉलचं दार उघडून आत येणं हेच असतं, सोबत कुणी असलं की ते होऊन जातं.

जागा सोसायटीचं क्लबहाउस किंवा एखाद्या वाचनालयाचा छोटा हॉल. तीन गोष्टी बघा: पंखे नीट चालतात का, भिंतीला टेप लावू देतात का, आणि बाजूला एक रिकामी खोली आहे का. तिसरी गोष्ट सोडू नका, का ते पुढे येईलच. सेक्रेटरींना 'आरोग्य विषयावरचं छोटं चित्रप्रदर्शन' असं सांगा, ते खरंही आहे. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये किंवा गेटच्या अ‍ॅपमध्ये कारण विचारतात तिथे नुसतं 'क्लबहाउस' लिहायचं, बाकी काही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं

ग्रुप काढू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि इथे येणाऱ्या प्रत्येकाने घरी, ऑफिसात सांगितलेलं असेलच असं नाही. ग्रुप करायचाच तर नाव साधं ठेवा, 'शनिवार दुपार' वगैरे. फोन टेबलावर पडलेला असताना स्क्रीनवर 'मेंटल हेल्थ ठाणे' झळकलं आणि शेजारच्या कलीगने वाचलं, की त्या माणसाला उगाच उत्तरं देत बसावी लागतात. मेसेजमध्ये काय काय बघायला मिळणार तेही आधीच लिहा, साखळ्या, शॉकचं मशीन, मृत्यूचा उल्लेख, म्हणजे ज्याला नको त्याने त्या भिंतीकडे जायचं नाही किंवा त्या शनिवारी यायचंच नाही, दोन्ही ठीक.

भिंतीवर काय लावायचं

म्युझियमच्या वेबसाइट्सवर फोटो आणि माहिती असते. प्रोजेक्टर लावू नका. अंधार केला की लोक खुर्चीला खिळतात, झोपतात, आणि ज्यांना गोळ्यांमुळे एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, त्यांचे हाल होतात. ए-फोर कलर प्रिंट काढून भिंतीला लावल्या की लोक फिरतात, थांबतात, परत मागे जातात, दोघं-दोघं बोलतात, खरं म्युझियम असल्यासारखं. प्रत्येक प्रिंटखाली मराठीत चार ओळी, मोठ्या अक्षरात, जवळचा चष्मा न आणलेल्या काकांनाही वाचता येतील अशा.

सुरुवात कशाने करायची यावर माझं मत पक्कं आहे, सुटकेसने. न्यूयॉर्क राज्यात विलार्ड नावाचं मोठं मनोरुग्णालय होतं, १९९५ साली ते बंद झालं तेव्हा माळ्यावर पेशंटच्या चारशेच्या आसपास बॅगा सापडल्या, लोक भरती होताना घेऊन आले होते त्या. आज त्या न्यूयॉर्क स्टेट म्युझियमकडे आहेत. आत साध्या वस्तू, कपडे, फोटो, पत्रं, शिवणाचं सामान. बऱ्याच जणांची ती बॅग परत उघडली गेलीच नाही कारण माणूस बाहेर आलाच नाही. या फोटोपुढे उभं राहिलं की 'वेडा' हा शब्द डोक्यात येतच नाही, बॅग भरणारा माणूस येतो. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घाईत बॅग भरलेली असते.

त्याच्या शेजारी साखळ्या. फ्रान्समध्ये डॉ. फिलिप पिनेल यांनी वेड्यांच्या साखळ्या तोडल्या अशी गोष्ट सगळीकडे सांगतात, त्यावर मोठं पेंटिंगसुद्धा आहे, पण पॅरिसच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये १७९७ मध्ये त्या बेड्या प्रत्यक्ष काढल्या त्या ज्याँ-बाप्तिस्त प्युसाँ या तिथल्या देखरेख करणाऱ्या माणसाने, आणि हा प्युसाँ स्वतः आधी त्याच संस्थेत गंडमाळेचा पेशंट म्हणून आलेला होता. डॉक्टर नव्हता. पिनेल त्याच्याकडूनच बरंच शिकले आणि तसं त्यांनी लिहिलंही. चार ओळींत हे जरूर लिहा, कारण वॉर्डबॉय, आया, मावशी, अटेंडंट यांचा हात लागल्याशिवाय कुठलंही मनोरुग्णालय एक दिवस चालत नाही आणि त्यांचं नाव कुठेच नसतं. तिसरा फोटो घंटेचा. अमेरिकेतल्या जुन्या अ‍ॅसायलम्समधून गोळा केलेल्या बेड्या आणि साखळ्या वितळवून १९५३ साली बाल्टिमोरला तीनशे पौंडांची, म्हणजे साधारण १३६ किलोची घंटा ओतली.

आणि मग आपली गोष्ट, नाहीतर सगळं परदेशातलंच वाटतं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली, आतल्या लोकांना साखळीने बांधलेलं होतं म्हणून पळता आलं नाही, २८ जण गेले. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात कुणालाही कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला सरळ बंदी आहे. याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे जी दर वेळी कुणाला तरी नवीन असते: आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणात होता असं कायदा धरून चालतो, त्याच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. हे मोठ्या अक्षरात लावा. अनेक घरांमध्ये अजून पोलिसांच्या भीतीने गोष्ट दाबून टाकतात आणि उपचार राहून जातात.

उपचारांच्या भिंतीवर घाई करू नका. इन्सुलिन कोमा म्हणजे इन्सुलिन देऊन मुद्दाम बेशुद्ध करणं, लोबोटॉमी म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले जोड तोडायचं ऑपरेशन, ही एकेका ओळीची माहिती पुरे. लोबोटॉमी पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये सुरू केली आणि त्यासाठी १९४९ चं नोबेल मिळालं, एवढं वाचलं तरी माणूस विचार करायला लागतो की आजच्या खात्रीच्या गोष्टी उद्या कशा दिसतील. पण शॉकच्या मशीनपाशी जबाबदारीने वागा. १९३८ साली रोममध्ये चेरलेत्ती आणि बिनी यांनी ही पद्धत सुरू केली, त्या काळात भूल न देता करायचे, म्हणून जुन्या फोटोंमध्ये ते भयंकर दिसतं. आज ईसीटी, म्हणजे हीच शॉक द्यायची पद्धत, भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊन करतात, त्याशिवाय करायला आपल्या कायद्यानेच मनाई आहे. तुमच्या हॉलमध्ये उभा असलेला एखादा माणूस ईसीटीमुळेच डिप्रेशनमधून बाहेर आलेला असू शकतो, आणि तुम्ही त्या फोटोखाली 'छळाचं यंत्र' लिहिलंत तर तो गप्प बसेल आणि पुन्हा येणार नाही. दोन्ही लिहा, तेव्हा कसं होतं आणि आता कसं आहे.

औषधांमध्ये एक फोटो सर्पगंधेच्या मुळीचा असू द्या. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेडावर आणि रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला, पुढे १९५२ मध्ये त्याच वनस्पतीतून रेझरपिन हे औषध वेगळं काढलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध पहिल्यांदा मानसिक आजारासाठी दिलं गेलं, आणि मग वॉर्डांची रचनाच बदलायला लागली. फोटोखाली एक ओळ ठळक लिहायला विसरू नका, की सर्पगंधा कुणीही स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, आणि चालू गोळ्या तर अजिबात बंद करायच्या नाहीत.

सगळ्यांच्या आवडीची भिंत म्हणजे चित्रांची. लुई वेन हा मांजरांची चित्रं काढणारा प्रसिद्ध चित्रकार १९२५ ते १९३० बेथलेममध्ये होता. त्याची काही चित्रं एका ओळीत लावून 'बघा, आजार कसा वाढत गेला' असं पुस्तकांमध्ये वर्षानुवर्षं दाखवत आले, साधं मांजर, मग भडक मांजर, मग नुसती नक्षी. खरं म्हणजे त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या, नंतर एका मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या अंदाजाने क्रम लावला होता. मी ही चित्रं मुद्दाम उलटसुलट लावायला सांगेन, आणि येणाऱ्यांना विचारा क्रम कसा लावाल. प्रत्येक जण वेगळा लावतो.

शेवटचा फोटो ऑरेगनच्या म्युझियमशी जोडलेला, तांब्याच्या डब्यांचा. तिथल्या हॉस्पिटलमध्ये मेलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास लोकांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत ठेवलेल्या होत्या, कित्येक वर्षं, शेल्फवर. तांब्यावर हिरवे-निळे थर चढले होते. लोकांसमोर हे आल्यावर नावांची यादी जाहीर केली, घरच्यांना शोधायला सुरुवात झाली, आणि २०१४ मध्ये नावांसकट स्मारक उभं राहिलं. हा फोटो थोडा बाजूला लावा, दाराच्या समोर नको. आपल्याकडेही बरे झालेले कितीतरी लोक मनोरुग्णालयात राहून जातात कारण घरून कुणी न्यायला येत नाही, आणि हॉलमध्ये अशा घरातलं कुणी असू शकतं.

एक म्युझियम मात्र मी वगळते, अमेरिकेत मिसुरीतलं. तिथे एका पेशंटच्या पोटातून काढलेले १,४४६ खिळे, स्क्रू, पिना वगैरे मांडून ठेवलेत. मोबाइलवर दाखवायला लोकांना फार आवडतं, पण त्यातून त्या बाईबद्दल काहीच कळत नाही.

घरच्या वस्तूंचं टेबल

माझ्या मते दुपारचा खरा जीव इथे आहे. आमंत्रणातच लिहा की वाटलं तर घरून एक वस्तू आणा, तुमच्या किंवा घरच्यांच्या बरं होण्याशी जोडलेली. सक्ती नाही. आठवड्याच्या खान्यांची गोळ्यांची डबी येते, कोपरे झिजलेली केसपेपरची फाइल येते, दर्ग्यातून किंवा बाबांकडून आणलेला ताईत येतो, झोपेची वेळ लिहिलेली डायरी येते, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र येतं. ताईत आला तर कुणी हसणार नाही हे आधी ठरवून घ्या, बहुतेक घरं त्या वाटेने जाऊनच डॉक्टरकडे पोचलेली असतात.

एका मावशींनी छोटं कुलूप आणलं होतं, स्वयंपाकघराच्या दाराचं. मुलगा आजारी असताना रात्री सुऱ्या लपवून त्या दाराला कुलूप लावायच्या. किल्ली पदराला बांधून झोपायच्या म्हणाल्या, आणि आता ते कुलूप गच्चीच्या टाकीला लावलंय, आज तिथून काढून आणलं. शेजारी त्यांचा मुलगाच उभा होता, तो म्हणाला, "आई, मला तेव्हा माहीत होतं गं." त्यावर कुणी काही बोललं नाही, गरजही नव्हती. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं चहा घ्यायला गेले.

वस्तू बोलकी करायला एक कागद पुरे: ही काय आहे, कधीची, आता कुठे असते. नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. स्टुडंट मंडळींना इथे एकच सूचना, प्रश्न वस्तूबद्दल विचारा, डायग्नोसिसबद्दल नाही. "हे कुठून घेतलं?" चालेल. "तुम्हाला नेमकं काय झालं होतं?" नाही चालणार.

यूडीआयडी कार्ड टेबलावर आलं की पाच मिनिटं त्यावर द्या, कारण मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे हे अनेक शुभंकरांना ठाऊक नसतं. आणि कुणी अमृतसरच्या डॉ. विद्या सागर यांची गोष्ट सांगितली तर फारच छान. १९५० च्या दशकात त्यांनी नातेवाइकांना हॉस्पिटलच्या आवारात तंबूत पेशंटसोबत राहायला बोलावलं, घरचे जवळ असले की माणूस लवकर सावरतो आणि घरी परतही जातो हे त्यांनी करून दाखवलं. काळजी घेऊन थकलेल्या घरच्यांना ही गोष्ट ऐकून धीर येतो.

त्या दिवशी

अडीचला तुम्ही पोचा, टेप, कात्री, पाण्याचे दोन मोठे जार. पाण्याचं गंभीरपणे घ्या, लिथियम हे मूड सावरायचं औषध घेणाऱ्यांनी पाणी कमी पिणं धोक्याचं असतं आणि इतर काही गोळ्यांनी तोंड सारखं कोरडं पडतं, त्यात ठाण्याचा एप्रिल किंवा ऑक्टोबर असला तर बघायलाच नको. तीन ते सव्वातीन येणं-बसणं, पाच मिनिटं नियम सांगणं, मग तासभर भिंत. चारनंतर टेबल, पावणेपाचला चहा. चहा अर्धाच कप भरा, हात थरथरणाऱ्याला भरलेला कप सांभाळत सगळ्यांसमोर चालायला लावू नका, आणि ते कुणाच्या लक्षातही यायला नको म्हणून सगळ्यांनाच अर्धा द्यायचा, हवा त्याने परत घ्यावा. खायला वडापाव किंवा साधी भेळ. पाचला गोल करून गप्पा, ज्याला बोलायचं तो बोलेल.

फेऱ्या मारणाऱ्याला "बस ना जरा" म्हणू नका. मधेच बाहेर जाऊन सिगरेट ओढून येणाऱ्यालाही काही म्हणू नका. कुणी दोन तासांत एक शब्द बोललं नाही तरी ते आले होते, तेवढं पुष्कळ आहे.

फोटो काढायचे ते फक्त भिंतीचे आणि टेबलाचे, आणि वस्तूवाल्याला विचारून. माणसांचे नाही, पाठमोरे नाही, हातांचेसुद्धा नाही, हातातल्या बांगड्यांवरून माणूस ओळखू येतो. स्टेटसला काही नाही.

कुणाला त्रास झाला तर

बाजूच्या खोलीचा उपयोग इथे. आधीच एक माणूस ठरवा, शक्यतो जो अशा वेळी गडबडत नाही, त्याचं काम इतकंच की कुणी अस्वस्थ झालं तर त्याच्यासोबत त्या खोलीत बसायचं. घोळका करायचा नाही, पाण्याचा ग्लास द्यायचा, पंखा लावायचा, "बाहेर जाऊया का" विचारायचं, उपदेश नाही. सोबतचे घरचे असतील तर त्यांना बोलवायचं का ते त्या माणसालाच विचारा, कधीकधी नेमकं घरच्यांपासूनच पाच मिनिटं हवी असतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोन्ही खोल्यांत कागदावर लिहून चिकटवा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कुणी बोललं तर ते कधीही गंमत समजू नका, त्याला एकटं सोडू नका, त्याच्या डॉक्टरांना किंवा घरच्यांना फोन लावेपर्यंत कुणीतरी सोबत थांबायचं.

संध्याकाळ, खर्च, दुसरा दिवस

सहाला हॉल आवरला की ज्यांना वेळ आहे ते तलावपाळीला जातात, मासुंदाच्या कडेने एक फेरी, कुणी मामलेदारची मिसळ, कुणी नुसतं बसतं. गर्दी जास्त वाटली तर एखादी शांत गल्ली बघा. खर्चाचा डबा दारात ठेवा, ज्याला जमेल त्याने टाकावं, किती ते बघायचं नाही. औषधांचाच महिन्याचा खर्च मोठा असतो, त्यात आणखी फिक्स वर्गणी नको.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना साधा मेसेज, नीट पोचलात का, आणि टेबलावर काही विसरलंय का. ज्यांनी वस्तू आणली त्यांना मात्र फोन करा. सगळ्यांसमोर बोलून गेल्यावर दुसऱ्या दिवशी 'उगाच बोललो' असं वाटतं खूप जणांना, तेव्हा एक फोन बरा असतो. प्रिंट प्लास्टिक फोल्डरमध्ये घालून ठेवा, पुढच्या वेळी ऐरोली किंवा नेरूळला लावता येतात.

बंगळुरूला जायचं ठरलं तर

तीन-चार शनिवार झाले की कुणीतरी म्हणतं आता खरं म्युझियम बघूया. निम्हान्स हीच जवळची निवड. मैसूर राज्याचं मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ एकत्र करून १९७४ साली ही संस्था झाली. तिथल्या मेंदूच्या म्युझियममध्ये जतन केलेले मानवी मेंदू आहेत, आजाराने, अपघाताने काय फरक पडतो ते दाखवतात, आणि खरा मेंदू हातातही घेता येतो. ज्याला बघवणार नाही त्याने बाहेर थांबावं, तसं आधीच सांगून ठेवा. उद्यान एक्सप्रेस कल्याणवरून पकडता येते, पण जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो, म्हणून रात्रीच्या गोळ्या, त्यांचं प्रिस्क्रिप्शन आणि दोन दिवस जास्तीचा साठा हँडबॅगेत, सामानाच्या बॅगेत नाही. खालचे बर्थ आधी गोळ्यांनी झोप येणाऱ्यांना द्या. म्युझियमचे दिवस आणि वेळा ठरलेल्या असतात, ग्रुपने जाणार असाल तर आधी ईमेल किंवा फोन करून तारीख घ्या आणि मगच तिकीट काढा. आणि कॅम्पसमध्ये ओपीडीच्या रांगांमधून चालत जावं लागलं तर मोबाइल खिशात, आवाज खाली, सरळ म्युझियमच्या इमारतीकडे.